उसनी रेघ

आईच्या फाइलमध्ये चार आकडे आहेत. २७, २४, २५, २२. हे तीसपैकी गुण आहेत आणि दर दोन आकड्यांमध्ये सहा महिन्यांचं अंतर आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आई सांगलीहून हैदराबादला माझ्याकडे येते, आणि तेव्हा आम्ही विस्मरणाची तपासणी करून घेतो. एक तरुण मुलगी तिला दहा-बारा मिनिटं प्रश्न विचारते. आज वार कोणता, आपण कुठल्या शहरात आहोत, शंभरातून सात वजा करत चला, हे तीन शब्द लक्षात ठेवा, ही आकृती बघून तशीच काढा. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली ही चाचणी आता जगभर वापरली जाते.

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी एका कागदावर चार ठिपके दिले आणि त्यांच्यामधून पट्टीनं रेघ मारली. रेघ खाली येत होती. ते सौम्यपणे म्हणाले, "हळूहळू उतरतंय." रात्री मी दादाला पुण्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आता तिला एकटीला ठेवणं बरोबर नाही. सांगलीचं घर काढून टाकू."

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तीच रेघ मीही मारली असती, डॉक्टरांपेक्षा थोडी नेमकी. त्या रात्री मारलीही. चार आकड्यांतून निघणारा उतार वर्षाला २.८ गुणांचा येतो. म्हणजे तीन वर्षांत आठेक गुण. बाविसातून आठ गेले की काय उरतं, हे सांगायला शिक्षिका लागत नाही. पण वही मिटता मिटता मला प्रश्न पडला, आणि तो गणिताचा नव्हता. ही रेघ कुणाची? आईची आहे का?

माणूस काळाबरोबर कसा बदलतो हे आकड्यांत धरण्याचा प्रयत्न जुना आहे. १७५९ साली फ्रान्समध्ये गेनो द मोंबेयार नावाच्या गृहस्थाला मुलगा झाला. बापानं त्याची उंची मोजायला सुरुवात केली आणि साधारण दर सहा महिन्यांनी मोजत मोजत १७७७ पर्यंत नेली. अठरा वर्षं, एकच मूल. त्याचा मित्र, निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यानं ते आकडे आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत छापले. आजही मुलांच्या वाढीवरची पुस्तकं त्या आलेखापासून सुरू होतात. जन्मानंतर वाढीचा वेग झपाट्यानं कमी होत जातो, पौगंडावस्थेत पुन्हा उसळतो आणि मग थांबतो. ब्यूफाँनं असंही नोंदवलं होतं की मुलगा हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त वाढतो. त्या रेघेत दुसऱ्या कुणाचं काहीही नाही. ती सगळी त्या एका मुलाची आहे. अशी रेघ मिळायला मात्र अठरा वर्षं दम धरणारा बाप लागतो.

पुढच्या शतकात लोकांना इतका धीर उरला नाही. बेल्जियमच्या केतलेनं १८३५ च्या आपल्या ग्रंथात 'सरासरी माणूस' उभा केला. निरनिराळ्या वयांचे निरनिराळे लोक मोजायचे, प्रत्येक वयाची सरासरी काढायची आणि त्या सरासऱ्या जोडायच्या. काम लवकर होतं. पण त्या रेघेवर दहाव्या वर्षी उभं असलेलं मूल आणि अकराव्या वर्षी उभं असलेलं मूल ही दोन वेगळी मुलं असतात. या जोडरेघेची एक गंमत १८९० च्या दशकात फ्रान्झ बोआस या मानवशास्त्रज्ञाच्या लक्षात आली. प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते. एक मुलगी अकराव्या वर्षी भरभर उंच होते, दुसरी तेराव्या वर्षी. दोघींची सरासरी काढली की अकरा ते तेरा अशी बेताची, संथ वाढ दिसते. त्या संथ वाढीनं दोघींपैकी एकही वाढलेली नसते.

हे मी वर्गात शिकवते तेव्हा मुलं माना डोलावतात आणि पुढच्या तासाला पुन्हा तीच चूक करतात. म्हणून मी त्यांना त्यांच्या घरातलं उदाहरण देते. शंभर माणसं घ्या. जे रक्तदाबाच्या गोळ्या जास्त घेतात त्यांचा रक्तदाब बहुधा जास्तच असतो, म्हणून तर त्या गोळ्या आहेत. आता एकच माणूस घ्या आणि त्याला वर्षभर पाहा. ज्या दिवसांत तो गोळी नीट घेतो, त्या दिवसांत दाब कमी असतो. आकडे दोन्हीकडे गोळ्यांचे आणि दाबाचेच. माणसामाणसांत पाहिलं तर संबंध एका दिशेला, एका माणसाच्या आत पाहिलं तर बरोबर उलट. शंभर जणांचं खरं ते एकाचं खरं, असं आपण उठताबसता गृहीत धरतो. त्याला आधार क्वचितच असतो.

मग एकट्या माणसाची रेघ काढायची तरी कशी? मोंबेयारसारखी छत्तीस मोजमापं कुणाचीच नसतात. चार असतात. या चार ठिपक्यांच्या पेचावर आपल्याकडच्या लोकांनी मोठं काम केलंय, हे बाहेर फारसं ठाऊक नाही. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या सी. आर. राव यांनी १९५८ साली वाढीच्या रेघांची तुलना कशी करावी यावर निबंध लिहिला. त्याच संस्थेत घडलेले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला गेलेले समरेंद्रनाथ रॉय यांनी १९६४ साली पॉटहॉफ या सहकाऱ्याबरोबर असाच एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात उदाहरणादाखल २७ मुलांची मोजमापं दिली आहेत. १६ मुलगे, ११ मुली. आठव्या, दहाव्या, बाराव्या आणि चौदाव्या वर्षी कवटीतल्या दोन ठरावीक खुणांमधलं अंतर मोजलेलं. प्रत्येकाचे चार ठिपके, आईसारखेच. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात हा विषय शिकलेल्या माणसाला ही २७ मुलं भेटलेली असतात. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, पण त्यांच्या कवटीचे मिलिमीटर आम्हाला ओळखीचे आहेत.

त्यातल्या एका मुलाचे आकडे असे आहेत: २३, २०.५, ३१, २६. कवटी अशी मागेपुढे होत नसते. मोजताना कुठेतरी गडबड झाली असणार. ती कुठल्या वर्षी झाली हे सांगायला आता कुणी नाही. साठ वर्षं तो मुलगा पुस्तकांतून तसाच वेडावाकडा वाढतो आहे.

या मुलाचं काय करायचं? त्याच्या चार आकड्यांवर विश्वास ठेवून रेघ मारली तर ती मोजणाऱ्याच्या चुकीची रेघ होईल. त्याला बाजूला सारून उरलेल्या मुलग्यांची सरासरी रेघ त्याच्या नावावर लावली तर तो मुलगाच पुसला जाईल. संख्याशास्त्रानं मधला रस्ता काढला, आणि तो आधी माणसांसाठी काढलाच नव्हता. कॉर्नेल विद्यापीठातल्या हेंडरसन यांना दुभत्या जनावरांच्या पैदाशीत वळूची पारख करायची होती. वळू स्वतः दूध देत नाही, त्याच्या मुली देतात. एखाद्या वळूच्या दोनच मुलींचं दूध मोजलेलं असेल आणि दोघी भरपूर दूध देत असतील, तर तो वळू थोर म्हणायचा की नशीबवान? हेंडरसन यांचं गणित सांगतं, की मुली कमी असतील तर वळूचा अंदाज सर्वसाधारण वळूकडे ओढून घ्या, मुली वाढत जातील तसतसा दोर सैल सोडा. १९८२ साली लेअर्ड आणि वेअर या दोघांनी याच जातीचं गणित रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींसाठी नीट मांडून दिलं. आज एका माणसातल्या बदलाविषयी जे काही आकडेमोडीनं बोललं जातं, त्यातला मोठा भाग या दोरावर चालतो.

आमच्या विषयात याला बळ उसनं घेणं म्हणतात. शब्द चांगला आहे. आईच्या चार आकड्यांत पुरेसं बळ नाही, म्हणून तिच्यासारख्या इतरांच्या आकड्यांतून थोडं उसनं घ्यायचं. समजा, तिच्यासारख्या लोकांची घसरण सरासरीनं वर्षाला एक गुण आहे. तर मॉडेल आईला २.८ वर ठेवणार नाही, मध्ये कुठेतरी आणील. तिच्या आणखी दहा तपासण्या झाल्या तर मॉडेल तिचं जास्त ऐकेल. एकच झाली असती तर घसरणीबाबत तिचं काहीच ऐकलं नसतं, लोकांचंच सांगितलं असतं.

म्हणजे हिशेब असा आहे: तुझ्याविषयी जितकं कमी ठाऊक, तितकी तू इतरांसारखी.

हे वाक्य मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. दुसऱ्याच्या बाबतीत ते फार न्याय्य वाटतं. एका पेपरात नापास झालेल्या मुलाला ढ म्हणू नका, एका भेटीत उर्मट वाटलेल्या माणसाला उर्मट ठरवू नका, थोडा त्याला सर्वसाधारण माणसाकडे ओढून घ्या. आपण सासरी, कचेरीत, शेजारात नेमकं याच्या उलट करतो. दोन नोंदींवर माणसाचा कायमचा उतार काढून मोकळे होतो. त्या मानानं हे गणित बरंच सभ्य आहे. घाईघाईनं कुणाला थोर म्हणत नाही की बाद करत नाही.

पण तेच वाक्य आईच्या फाइलशेजारी ठेवलं तेव्हा ते जड झालं. कारण मग पुढचा प्रश्न येतो: उसनं घ्यायचं कुणाकडून? घरातली साखर संपली तर आपण वाटी घेऊन शेजारी जातो, अनोळखी दारावर थाप मारत नाही. आईचा शेजार कोणता? सातवी शिकलेल्या बायका? सत्तरी ओलांडलेल्या? नवरा गेलेल्या? की ज्यांची मुलं त्यांना मोठ्या शहरात तपासणीला नेऊ शकतात अशा? प्रत्येक शेजाराचा उतार वेगळा निघेल आणि आई प्रत्येकाकडे वेगळी ओढली जाईल. कुठला शेजार खरा, हे मॉडेल ठरवत नाही. ते आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं, बहुतेक वेळा ज्याची माहिती हाताशी होती त्यावरून. या चाचणीचे गुण शिक्षणावर बरेच अवलंबून असतात, हे आता सगळे मान्य करतात. दिल्लीजवळच्या बल्लभगढमध्ये १९९० च्या दशकात खेड्यातल्या वृद्धांचा अभ्यास झाला, तेव्हा लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी तिचा वेगळा हिंदी अवतार करावा लागला होता. हिंदी अवतार झाला म्हणून सांगलीची मराठी बाई त्यात बसते असंही नाही.

चौथ्या तपासणीला त्यांनी मला आत बसू दिलं होतं. ती मुलगी गोड होती, हैदराबादी हिंदीत बोलत होती. आईची हिंदी सांगलीच्या बाजारातली. शंभरातून सात वजा करताना आई एकदाही अडखळली नाही. तिनं आयुष्यभर भाजीवाल्यांशी हिशेब केला आहे. तीन शब्द आठवायला सांगितले तेव्हा तिनं तिन्ही मराठीत सांगितले, आणि मुलीनं थोडं हसून ते मान्य केले. मग विचारलं, "महीना कौन सा चल रहा है, अम्मा?"

"आषाढ."

"और आज तारीख?"

"शुद्ध दशमी. उद्या एकादशी, मला उपास आहे." हे शेवटचं तिनं माझ्याकडे बघून, रात्रीच्या साबुदाण्याची आठवण म्हणून सांगितलं.

मुलीनं दोन शून्यं मांडली. मी तोंड उघडणार होते, पण मला आधीच बजावलेलं होतं की मध्ये बोलायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी दशमी आहे हे माहीत नव्हतं. घरी येऊन पाहिलं. होती.

ते दोन गुण परत दिले तर शेवटचा आकडा २४ होतो, आणि वर्षाला २.८ चा उतार १.६ वर येतो. एका तिथीनं आणि एका महिन्यानं घसरण जवळपास निम्मी झाली. मी दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण जानेवारीत तिनं इंग्रजी तारीख बरोबर सांगितली होती ना? मग तेव्हा येत होती, आता येत नाही, हाच तर बदल." दादा इंजिनिअर आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी त्याला म्हटलं, जुलैचे दोन्ही आकडे जानेवारीच्या दोन्ही आकड्यांपेक्षा खाली आहेत, बघ. जुलैत तिचं अर्धं लक्ष आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे असतं. कृष्णा किती फुटांवर आली हे ती हैदराबादला बसून दिवसातून चारदा विचारते, आणि ते आकडे मात्र एकही चुकत नाही. उन्हाळ्यात मुलगा जास्त वाढतो असं ब्यूफाँला दिसलं, मग पावसाळ्यात म्हातारी बाई थोडी कमी भरते असं का नसावं? दादा म्हणाला, "तू वकिली करतेयस." तेही खरं होतं. चार ठिपक्यांतून मला हवी ती रेघ मी काढू शकत होते. कुठल्याही चार ठिपक्यांबद्दल हे खरं असतं. भीती होती म्हणून तो खाली बघत होता, आणि भीती होती म्हणूनच मी वर.

पाचवी तपासणी झाली नाही. जानेवारीत आईनं यायलाच नकार दिला. "परीक्षेला नाही यायचं मला. सातवीनंतर सोडली ती सोडली." माझ्या विषयात अशा मोकळ्या राहिलेल्या चौकोनाचं मोठं शास्त्र आहे. नेहमीचं गृहीतक असं, की न आलेला माणूस, त्याच्याइतकेच गुण आधी मिळवलेल्या पण आलेल्या माणसांसारखाच पुढे जात असणार. पुन्हा उसनवारीच, फक्त आता सगळीच. विस्मरणाच्या अभ्यासांत हे गृहीतक अवघड पडतं, कारण जे ढासळतात तेच बरेचदा यायचे थांबतात, आणि येत राहिलेल्यांवरून जग आहे त्यापेक्षा बरं दिसतं. आई ढासळली म्हणून आली नाही की रागावली म्हणून? मॉडेलच्या दृष्टीनं चौकोन सारखाच मोकळा.

दिवाळीला मी सांगलीला गेले. जुन्या कपाटात कालनिर्णयच्या गुंडाळ्या होत्या, सात वर्षांच्या. मागचे लेख आणि पाककृती वाया जाऊ नयेत म्हणून आई त्या टाकत नाही. प्रत्येक चौकोनात, तारखेच्या आणि तिथीच्या शेजारी, तिच्या बारीक अक्षरात दुधाचा हिशेब. १. १. अर्धा. १. मी जमिनीवर बसले आणि पहिली गुंडाळी सोडली.

हे मला आधी सुचलं नव्हतं याचीच लाज वाटली. रोज एक नोंद, सात वर्षं. मोंबेयारला हेवा वाटावा अशी. हिच्यासाठी कुणाकडून उसनं घ्यावं लागत नाही, केतलेला आणि वळूंना दोघांनाही बाहेर ठेवता येतं. आईला फक्त आईशीच ताडून बघायचं. आई झोपल्यावर मी वहीत महिन्यागणिक मोकळे चौकोन मोजायला लागले. बाबा गेले त्या महिन्यात सलग तेरा मोकळे. नंतर पुन्हा एकही नाही, वर्षानुवर्षं. या वर्षी मे महिन्यात चार चौकोनांत दोनदा लिहिलेलं. आणि सप्टेंबरात सहा मोकळे, सुटेसुटे, इथे एक तिथे एक. मी सप्टेंबरापाशी बराच वेळ थांबले. दवाखान्याच्या चारही आकड्यांनी मला जितकं घाबरवलं नव्हतं तितकं त्या सहा चौकोनांनी घाबरवलं.

सकाळी आईनं मला त्या पसाऱ्यात बसलेलं पाहिलं.

"दूधवाल्यानं पैसे जास्त लावले का?"

मी खोटं बोलू शकले असते. तेही सोपं होतं. पण रात्रभर मी तिची रोजनिशी तिला न विचारता वाचत होते, आणि तपासणीला ती निदान स्वतः हो म्हणून गेली होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला विचारायचं होतंस की."

म्हणून विचारलं. मे महिन्याचं तिनं लगेच सांगितलं: दादाची मुलं आली होती, संध्याकाळचंही दूध घेतलं, म्हणून दोनदा लिहिलं. मी वहीतले चार आकडे खोडले. मग सप्टेंबराचं पान तिच्यापुढे धरलं. तिनं चष्मा पुसून लावला आणि एकेका मोकळ्या चौकोनावर बोट ठेवत गेली. बोट शेवटच्या चौकोनावर बराच वेळ थांबलं.

"हे नाही आठवत," ती म्हणाली.

मग तिनं कॅलेंडर माझ्या हातातून काढून घेतलं, गुंडाळून त्याला पुन्हा दोरा बांधला आणि कपाटात ठेवून दिलं. दादाला मी अजून काही कळवलेलं नाही.